लाखोळीच्या गावात दोन महिने

परत आल्यापासून ज्या घरी जावं तिथे पहिला प्रश्न एकच असतो, "वाघ दिसला का हो?" नाही दिसला. अस्वल एकदा दुरून दिसलं, पण मोहाची फुलं खाऊन ते इतकं तृप्त झालं होतं की त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्यांना वाघच हवा असेल त्यांनी पुढे वाचण्याचे श्रम घेऊ नयेत. मी दोन महिने पाहिले ते माणसांचे पाय.

मी पुण्याच्या एका इस्पितळात परिचारिका आहे. गेलेल्या हातापायांना मालिश करणं आणि त्यांच्याकडून पुन्हा काम करून घेणं, हे एका म्हाताऱ्या मेट्रनने मला शिकवलं. आमच्या डॉक्टर बर्व्यांना भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, गोंदियापलीकडच्या झाडीत एक अभ्यास करायचा होता. तिकडे लाखोळीची डाळ पिकते; तिकडचे लोक तिला नुसतं लाख म्हणतात. भाताच्या कापणीआधी ओल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, ती नुसती फेकली की झालं. नांगर नको, पाणी नको, राखण नको. डाळ चवीला चांगली. फक्त चार-सहा महिने तीच पोटभर खाल्ली, की धडधाकट माणसाचे पाय कडक होतात, गुडघे एकमेकांवर चढतात आणि माणूस चवड्यांवर, काठी टेकत, कात्रीसारखा चालू लागतो. मरत नाही. फक्त तसा चालतो, जन्मभर.

अशा रोग्यांना मालिश आणि व्यायाम दिला तर काही फरक पडतो का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. सोबत परिचारिका हवी होती. इतर तिघींना नवरे होते आणि नवऱ्यांना जंगलाची भीती होती. मला नवरा नव्हता, तेव्हा भीतीही नसणार असं सर्वांनी गृहीत धरलं.

गोंदिया

शिमगा नुकताच होऊन गेला होता. गोंदियाच्या फलाटावर उतरल्याबरोबर उकडलेल्या भाताचा वास आला. वाटलं, कुठे तरी पंगत आहे. ती पंगत नव्हती, आधी धान उकडून मग कांडणाऱ्या भाताच्या गिरण्या होत्या. अख्खं गाव सकाळ-संध्याकाळ त्या वासात बुडालेलं असतं, आणि भुकेलेल्या प्रवाशाला ही मोठीच शिक्षा आहे.

मी चहावाल्याशी मराठीत बोलले. त्याने हिंदीत उत्तर दिलं. मी माझ्या हिंदीत बोलले, तर त्याने कनवाळूपणे मराठीत उत्तर दिलं. माझी हिंदी कशी आहे हे मला पुण्यात कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

आमच्या सामानात रोगी तोलायचा काटा होता. हमालांनी तो खाली ठेवला आणि एकेक जण त्यावर चढू लागला. मागोमाग बिडीच्या कारखान्यात निघालेल्या बायका आल्या. डॉक्टर ओरडत होते, "अहो, हे शास्त्रीय उपकरण आहे!" एक बाई उतरताना म्हणाली, "कितना हुआ, साहब?" डॉक्टरांनी रागारागाने आकडा सांगितला. सगळ्या दौऱ्यात आरोग्याची माहिती कोणी आपण होऊन विचारली, ती एवढीच.

गाव

गोंदियाहून छोटी गाडी निघते. ती जंगलातून इतकी सावकाश जाते की उतरून मोहाची फुलं वेचावीत आणि पुन्हा चढावं. देऊळगावला उतरून आम्ही रेंगीत बसलो. रेंगी म्हणजे इकडची हलकी बैलगाडी. नवेगावच्या बांधाजवळून गेलो तेव्हा डोंगरांच्या कुशीत ते तळं एवढं पसरलेलं दिसलं की मी गाडीवानाला विचारलं, "ही नदी कोणती?" तो हसला आणि म्हणाला, "नदी नाई बाई, कोहळ्यायनं बांधलेला तलाव आहे. लय जुना." तो स्वतः कोहळीच होता. त्यांच्या पूर्वजांनी इथल्या गावोगावी तळी बांधली. आमच्याकडे पूर्वजांनी काय केलं हे सांगायला बखर काढावी लागते. याने नुसता आसूड उचलून दाखवलं.

आमचं गाव तिथून दोन कोसांवर होतं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, हयात आहेत आणि त्यांनी आम्हाला फार चांगलं जेवू घातलं. स्वतःच्या बैठकीशेजारची पडवी त्यांनी आम्हाला दिली. "रोग्यांची सेवा म्हणजे देवाची सेवा," असं ते पहिल्या दिवशी चारदा म्हणाले. गावातल्या रोग्यांपैकी बहुतेक त्यांचेच सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी होते. ही गोष्ट त्यांनी एकदाही सांगितली नाही. ती आम्हाला दोन आठवड्यांनी कळली.

दोन गट

बारा रोगी मिळाले. डॉक्टरांनी त्यांना क्रमांक दिले आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. लाख सर्वांचीच बंद; जेवायला सर्वांनाच भात, तुरीचं वरण आणि दूध. पहिल्या गटाला त्यावर माझं मालिश आणि व्यायाम. दुसऱ्या गटाला नुसती एक बाटलीतली ताकदीची दवा आणि विश्रांती. दर आठवड्याला अंगणात चुन्याच्या दोन रेघा मारायच्या आणि प्रत्येकाने एका रेघेपासून दुसरीपर्यंत चालायचं. किती वेळ लागला, किती काठ्या लागल्या, हे डॉक्टर टिपून घेत.

क्रमांक सात म्हणजे सुकरू ढिवर. वय पंचविशीचं, छाती पैलवानाची, आणि कमरेखाली दोन न वळणारे वासे. पाय जायच्या आधी तो मालगुजारांकडे तीन वर्षं सालदार होता. आता दोन काठ्यांवर चाले. त्याची चिठ्ठी दुसऱ्या गटात निघाली. त्याची बायको भागरता कुडाला टेकून सगळं पाहत होती. ती पुढे आली.

"याले काऊन बसवून ठेवता जी?"

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. ते मुळात सज्जन आहेत. एका गटाला व्यायाम द्यायचा, दुसऱ्याला नाही द्यायचा. मग दोघांची तुलना करायची. त्यावरून व्यायामाचा गुण कळतो.

भागरताने क्षणभर विचार केला. "म्हनजे हा बसून बसून अजून आकडला, का तुमाले कळन, चालनं चांगलं असते म्हून?"

डॉक्टर म्हणाले, "साधारण तसंच."

"ते त मले आताच मालूम आहे," ती म्हणाली आणि निघून गेली.

शास्त्राच्या पुस्तकांत यावर उत्तर असेल. मी पहिल्या गटातल्या एकाचं पाऊल मांडीवर घेतलं आणि तेल लावू लागले.

तक्ते

रविवारी आरोग्यशिक्षण असे. पुण्याहून आणलेले दोन रंगीत तक्ते डॉक्टरांनी चिंचेला टांगले. पहिल्यावर काठीवाला रोगी होता, आणि त्याच्यापुढे लाखोळीची रास. तो पाहून सर्वांनी माना डोलावल्या. चित्र हुबेहूब होतं. दुसऱ्या तक्त्यावर निरोगी माणूस होता. त्याच्या ताटात गव्हाच्या पोळ्या, केळी, दुधाचा पेला, आणि डोक्यावर पुणेरी पगडी.

मग एका म्हातारीने विचारलं, "हा कोन आहे जी? पाव्हना का?"

"हा लाख न खाणारा माणूस आहे," डॉक्टर म्हणाले.

"लाख सोडली म्हून त्याले पगडी भेटली का?"

लोक हसले. डॉक्टरही हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगतो. या डाळीनेच पाय जातात."

"मालूम आहे जी," सुकरू खालूनच म्हणाला. "आमच्या आज्यालेबी मालूम होता."

"मग खाता कशाला?"

"मालगुजाराकडे सालदाराले जे मापून भेटते, ते खातो. पावसात धान सरते, मंग लाखच भेटते. लाख खाल्ली त पाय जाते, नाई खाल्ली त जीव जाते. आता तुमीच सांगा साहेब, का सोडू, पाय का जीव?"

मालगुजार पहिल्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, "फार उपयुक्त व्याख्यान झालं. या लोकांना ज्ञानाची अतिशय गरज आहे."

त्या दिवसापासून तक्ते आपण चुकीच्या दिशेला तोंड करून टांगले आहेत, असं मला वाटू लागलं. मी तसं म्हटलं नाही. मालगुजारांच्याच घरचा बारीक तांदूळ आम्ही रोज दोन वेळा जेवत होतो, आणि तो फार सुवासिक असतो.

बोडी

तिसऱ्या आठवड्यात गंमत झाली. चुन्याच्या रेघांवर दुसरा गट पहिल्याला मागे टाकू लागला. सुकरूची एक काठी सुटली. बसून राहणारे चालत होते, आणि माझ्या हातांखालचे जिथल्या तिथे होते. डॉक्टर अस्वस्थ झाले, मग आनंदित झाले. औषधाची बाटली उजेडात धरून ते मला म्हणाले, "लेलेबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण कदाचित मालिशने अपायच होत असेल. आणि या दवेत काही तरी विलक्षण आहे." त्याच दुपारी त्यांनी निबंधाची दोन पानं लिहून काढली.

मला खरं कारण आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. गावामागे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं आहे. चैत्रात तिच्या काठचं पाणी दुपारी चांगलं ऊन होतं. मी कपडे धुवायला गेले तर भागरता जाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी, आणि जाळ्याचं दुसरं टोक धरून सुकरू तिच्यामागे चालत होता. काठ्या काठावर पडल्या होत्या. जमिनीवर एकमेकांत अडकणारे त्याचे पाय पाण्यात जड, पण सुटे पडत होते.

"पान्यात याचे पाय ढिले होते बाई," भागरता म्हणाली. "पडला तरी लागत नाई. रोज आनतो याले, झिंगेबी भेटते." मग जरा थांबून म्हणाली, "साहेबाले सांगता का?"

सांगणं माझं काम होतं. अभ्यासाचा नियम मोडला होता, आणि तो लपवणाऱ्या परिचारिकेला परत पाठवण्याचा डॉक्टरांना अधिकार होता. आमच्या इस्पितळातून अशी परत पाठवलेली बाई पुन्हा कुठे लागत नाही. मी म्हटलं, "मी कपडे धुवायला आले आहे." पुढच्या दिवशी त्यांच्यामागे दुसऱ्या गटातले आणखी दोघे होते, आणि आठवडा संपायच्या आत सगळेच.

निबंधाची दोन पानं झाल्यावर डॉक्टरांना उत्साह आला. कॅमेरा घेऊन ते पाणकोंबड्यांचे फोटो काढायला म्हणून बोडीवर गेले. थोड्या वेळाने मी आरडाओरडा ऐकला आणि धावले. डॉक्टर गुडघाभर चिखलात रुतले होते, कॅमेरा डोक्यावर धरलेला. समोर अख्खा दुसरा गट एका रांगेत जाळं ओढत पाण्यातून चालत होता. त्यांपैकीच दोघांनी येऊन डॉक्टरांना दंडाला धरलं आणि ओढून काठावर आणलं. ज्यांना विश्रांती घ्यायला सांगितलं होतं त्यांनीच.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"किती दिवस?"

"आठ दिवस."

ते पडवीत येरझारा घालू लागले. "तुम्हाला कळतंय का, काय झालं ते? एवढ्या लांब येऊन केलेला अभ्यास पाण्यात गेला."

मी हसू दाबलं. त्यांनाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं, पण त्यांना हसू आलं नाही. मी म्हटलं, "मला परत पाठवायचं असेल तर पाठवा. पण पहिल्या गटातल्या सहा जणांनी आपलं काय वाईट केलं आहे? त्यांना मी रोज तेल चोळते, आणि बोडी इथून हाकेच्या अंतरावर आहे."

पुण्यातला कोणताही दुसरा डॉक्टर असता तर मी दुसऱ्या दिवशी रेंगीत बसले असते. बर्व्यांनी लिहिलेली दोन पानं फाडली, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून सर्वांना न्या. पण अर्धा तास मोजून. निदान काही तरी मोजलेलं असू द्या."

मोठे साहेब

शेवटच्या आठवड्यात नागपुराहून आरोग्यखात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. लाखोळीवर लोकांना वाटायचं पत्रक त्यांनीच लिहिलं होतं. त्यांनी रोगी पाहिले, काटा पाहिला, पाण्यातले व्यायाम पाहिले, आणि "ठीक, ठीक," म्हणाले. मग बैठकीत फराळ आला. रोगी आणि त्यांच्या बायका अंगणात बसल्या होत्या.

साहेबांना वडे फारच आवडले. चौथा हातात घेत त्यांनी विचारलं, "काय छान खुसखुशीत आहेत! कशाचे हो?"

मालगुजार अभिमानाने म्हणाले, "घरच्याच लाखोळीचे, साहेब."

साहेबांचा हात तिथेच थांबला. त्यांनी वडा बशीत ठेवला. मग, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, खुर्चीत बसल्या बसल्या एक पाय लांब करून पाहिला. मग दुसरा.

"दोनचार वड्यांनी काही होत नाही, साहेब," बर्वे म्हणाले.

"खात्री आहे तुमची?"

"आपल्याच पत्रकात लिहिलं आहे."

साहेबांचा स्वतःच्या पत्रकावर म्हणावा तितका विश्वास दिसला नाही. त्यांनी पाणी मागवलं. तेवढ्यात अंगणात भागरता उभी राहिली. सुकरू पदर ओढून तिला खाली बसवू पाहत होता.

"साहेब, तुमी चार वडे खाल्ले त एवढे भेले. आमी चार-चार महिने हेच खाऊन रायलो. तुमाले भेव वाटते, त आमाले काऊन मापून देते?"

मालगुजार म्हणाले, "बाईमाणूस आहे, अडाणी आहे." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, आणि पुन्हा पायाचा अंगठा हलवून पाहिला. मग करड्या आवाजात म्हणाले, "या पावसाळ्यापासून गड्यांना मजुरीत लाख देऊ नका. धान द्या. मी पावसाळ्यात पुन्हा येऊन पाहीन."

पत्रक आणि तक्ते यांनी जे झालं नव्हतं, ते चार वड्यांनी झालं. मालगुजारांनी "हुकूम" म्हणून मान लववली. साहेब खरंच पुन्हा आले का, मला ठाऊक नाही. पण पुढे श्रावणात गावच्या मास्तरांचं एक कार्ड आलं. त्यात होतं की यंदा धान मिळत आहे, कारण साहेब कोणत्या दिवशी येतील याचा भरवसा नाही.

शेवटची चाचणी

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटची चाल टिपायची होती. आम्ही सर्वांना स्पष्ट सांगितलं होतं की आधीसारखे पाय कोणाचेच होणार नाहीत. काहींना फरक पडला होता, काहींना मुळीच नाही. सुकरू एका काठीवर चाले. गुडघे अजून घासत, पण टाच क्वचित जमिनीला लागू लागली होती. तो आता भागरताबरोबर मासळी धरणार होता. मालगुजारांकडे परत जायचं नाही, हे त्याने आपणहून ठरवलं होतं.

त्याचं घर अंगणापासून बरंच लांब, गावाच्या दुसऱ्या टोकाला बोडीपाशी होतं. आजवर त्याला आणायला आणि न्यायला बैलगाडी पाठवावी लागे. त्या दिवशीही ती उभी होती.

डॉक्टरांनी घड्याळ हातात घेतलं. "चला, क्रमांक सात."

सुकरू पहिल्या रेघेवरून निघाला. दुसऱ्या रेघेपाशी आला, आणि थांबला नाही.

"अरे, थांब! रेघ आली!" डॉक्टर ओरडले. "थांबल्याशिवाय वेळ कशी लिहू?"

तो अंगणाच्या फाटकातून बाहेर पडला होता. मागे न वळताच म्हणाला, "तुमी लिहा जी, का लिहाचं ते. मी घरी जाऊन रायलो."

बैलगाडीवाला खाली उतरून पाहत राहिला. भागरता डोक्यावर जाळं घेऊन त्याच्या चार पावलं मागून चालत होती. हात द्यायला पुढे झाली नाही. वाटेत तो दोनदा भिंतीला टेकला, एकदा पडता पडता सावरला. चिंचेखालून गेला, पाटावरची फळी ओलांडली, आणि घरांच्या आड दिसेनासा झाला. आम्ही सगळे उभे होतो. बऱ्याच वेळाने दूरवरून भागरताची हाक आली, "पोचला जी!"

डॉक्टरांनी घड्याळ बंद केलं. मग खाली बसून, अभ्यासाच्या शिस्तीला धरून, त्यांनी नोंद केली. तो निबंध पुढे छापून आला. माझ्याजवळ त्याची प्रत आहे. शेवटच्या पानावर असं आहे:

"रुग्ण क्रमांक सात: अखेरची चालण्याची चाचणी पूर्ण करू शकला नाही."